जावई डॉक्टर मिळाला, माझा डॉक्टर गेला

"हे कधीपासून होतंय?" डॉक्टर मॅडमनी रिपोर्टवरची नजर न काढता विचारलं.

संभाजीनगरच्या कॅन्सर हॉस्पिटलातली ती खोली लहानशी होती. मी खुर्चीत, माझी मुलगी करुणा शेजारच्या स्टुलावर, आणि माझ्या खुर्चीमागे जावई, डॉक्टर मिलिंद, उभे. प्रश्न साधा होता. उत्तर मला पाठ होतं. फक्त ते जावयासमोर द्यायचं होतं. मी करुणाकडे पाहिलं, ती काहीतरी म्हणेल म्हणून. पण तिला तरी कुठे माहीत होतं? शेवटी मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "दीड वर्ष झालं असेल."

खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात मिलिंदरावांनी काढून घेतला, तेवढं मला कळलं.

मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं, एंडोमेट्रियल कॅन्सर. गर्भपिशवीला आतून एक अस्तर असतं, दर महिन्याला पाळीत जातं ते. त्या अस्तराचा हा कॅन्सर. पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं, मग तो एखादा डाग का असेना, तर ते लगेच दाखवायचं असतं. त्या म्हणाल्या, हा आजार बहुतेक वेळा लवकर कळतो, कारण तो स्वतःहून खूण दाखवतो. खूण मला दिसली होती. मी ती धुऊन टाकत होते.

घरात डॉक्टर जावई असताना असं कसं झालं, हे मला आजवर पुष्कळांनी विचारलं. जावई डॉक्टर होते म्हणूनच झालं. हे एका वाक्यात कुणाला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या घरी डॉक्टर जावई, डॉक्टर दीर किंवा डॉक्टर भाचा आहे, त्या बायकांनी तरी वाचावं.

मी वाटूरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, अजूनही गावात सगळे मला बाईच म्हणतात. आमचे हे कृषी खात्यातून निवृत्त झाले. फाट्यावर जिथे जालन्याचा, मंठ्याचा आणि परतूरचा रस्ता एकत्र येतो, तिथल्या गल्लीत शाहीन मॅडमचा दवाखाना आहे. दवाखाना म्हणजे एक खोली आणि मध्ये पडदा. आमच्या घरातल्या बायका वर्षानुवर्षं तिथेच जायच्या. मॅडमची पद्धत ठरलेली. आत गेलं की आधी पडदा ओढायच्या, पंखा लावायच्या आणि म्हणायच्या, "हां बाई, आता बोला." मग जे सांगायला गेलो ते आणि जे सांगायचं नव्हतं ते, दोन्ही सांगून मोकळं होऊनच आपण बाहेर पडायचो. करुणाची पहिली पाळी आणि माझी शेवटची, दोन्ही त्यांना ठाऊक.

करुणाचं लग्न झालं आणि आम्हाला डॉक्टर जावई मिळाला. स्थळ शहागडचं. मिलिंदराव लहान असतानाच वडील गेलेले, आईनं लोकांच्या शेतात खुरपून त्यांना शिकवलेलं. त्यांनी परतूरला दवाखाना टाकला तेव्हा आमच्या ह्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. फाट्यावर चहाला बसले की विषय कुठलाही असो, गाडी तिथेच यायची. "आता आपल्याला दवाखान्याची चिंता न्हाई. घरचा डॉक्टर हाय." कुणाला साधी सर्दी झाली तरी हे परतूरचा पत्ता द्यायचे.

आम्ही बौद्ध. धोंड्याचं जेवण, जावयाचे पाय धुणं, हे आमच्याकडे नाही, आणि नाही याचा मला अभिमानच आहे. पण जावई दारात आला की माझा हात आपोआप पदराकडे जातो. त्यांच्यासमोर मी खुर्चीवर बसत नाही. बोलायचं ते स्वयंपाकघराच्या दारातून. हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझी आई माझ्या नवऱ्याशी असंच वागायची, ते बघून आलेलं. शाळेत मुलींना 'लाजू नका, विचारा' म्हणणारी मीच, घरी येऊन जावयाशी दाराआडून बोलायचे.

मिलिंदराव फार सरळ माणूस. दर पंधरवड्याला रविवारी यायचे, माझं आणि ह्यांचं बीपी बघायचे. बीपीचा पट्टा बांधताना मी मान भिंतीकडे वळवायचे, आणि ते मशीनकडे बघत राहायचे. दोघंही कधी एकदाचं संपतंय असे. तपासणी झाली की करुणाला सांगायचे, "आईंना म्हणावं, मीठ कमी खा." मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायचे. तरी निरोप करुणामार्फत.

शाहीन मॅडमकडे जाणं आपोआप बंद झालं. लग्नानंतर एकदा खोकल्यासाठी मी सवयीनं त्यांच्याकडे गेले, तर ते ह्यांच्या कानावर आलं. हे चिडले. "काखेत कळसा अन् गावाला वळसा! घरात डॉक्टर असून सासू फाट्यावर जाऊन राह्यली, असं लोकं म्हणतील. जावयाला काय वाटंल?" मला ते पटलं. खरं सांगायचं तर मीही जरा मिरवतच होते. पुढे बाजारात मॅडम भेटल्या. "बिलकुलच सोडलं का बाई आम्हाला?" म्हणाल्या. मी हसून म्हणाले, घरीच डॉक्टर आहे ना आता. त्या म्हणाल्या, "हां, बराबर हाय. पन बायकांच्या गोष्टी बायकांपाशी बोलत जावा." मला त्यात थोडा मत्सर दिसला. एक पेशंट गेल्याचं वाईट वाटलं असेल, असा मी अर्थ काढला.

माझी पाळी बंद होऊन चारेक वर्षं झाली होती. एके दिवशी आंघोळीच्या वेळी परकरावर डाग दिसला. उन्हाळा होता, म्हटलं उष्णता झाली. सब्जाचं पाणी प्यायले, गुलकंद खाल्ला. थांबलं. महिन्याभरानं पुन्हा दिसला. पुन्हा सब्जा. असं करत करत ते अधूनमधून होतच राहिलं.

दाखवावं असं मनात येत नव्हतं असं नाही. पण दाखवायचं कुणाला? परतूरला जावई. तिथला सोनोग्राफीवाला त्यांचा वर्गमित्र. मेडिकलवाला त्यांच्याच दवाखान्याखाली. जालन्याच्या ज्या बाई डॉक्टर मला माहीत होत्या, त्यांच्याकडे मिलिंदरावच पेशंट पाठवायचे. त्या बाईंनी कौतुकानं त्यांना लगेच फोन केला असता, तुमच्या सासूबाई आल्यात म्हणून. आणि शाहीन मॅडमकडे जावं तर ह्यांचा रुसवा. सगळ्या वाटा फिरून जावयाच्या टेबलाशीच येत होत्या. अंगावरून जातंय ही गोष्ट जावयाच्या कानावर जाणार, या विचारानंच माझे कान तापायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी जुन्या सुती लुगड्याचे तुकडे कपाटात मागे ठेवले, आणि ते मोरीतच धुऊन आत वाळवत राहिले.

एकदा मात्र निघाले होते. हे लग्नाला गेले होते. मी शाहीन मॅडमच्या दारापर्यंत गेले. बाहेर गल्लीतल्या दोघी बसलेल्या. एकीनं लगेच विचारलं, "बाई, तुम्ही इकडं? जावई गावाला गेलेत का?" मी म्हटलं, मॅडमना लग्नाची पत्रिका द्यायची होती, विसरले बघा घरी. आणि परत आले.

पुढे मला दम लागायला लागला. जिना चढले की छातीत धडधड. मिलिंदरावांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन खूप कमी निघालं. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल भाग, जो अंगभर प्राणवायू नेतो. तो कमी झाला की माणूस थकतो. या वयात बाईचं रक्त एवढं कमी होतंय तर ते कुठून तरी जात असलं पाहिजे, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी बरोबर प्रश्न विचारला. पण मला नाही, करुणाला. ते ओसरीवर बसले होते, आणि करुणा आत येऊन हळूच म्हणाली, "आई, हे विचारतायत, पाळी पूर्ण गेलीय ना? मधे काही दिसलं न्हाई ना?" ओसरीवर पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. मी भाकरी थापत होते. "गेली कधीच," म्हणाले, "आता कशाचं काय."

करुणानं ते बाहेर जाऊन सांगितलं. मिलिंदरावांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. पोटाची सोनोग्राफी करू म्हणाले, तर मी आज नातीचे दात येतायत, उद्या गव्हाला पाणी आहे, असं म्हणत पुढे ढकललं. त्यांनीही सासूला जास्त आग्रह कसा करायचा म्हणून सोडून दिलं. गोळ्यांनी थोडी हुशारी आली. ती आली नसती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

गौतमी म्हणजे माझी नात, करुणाची मुलगी. तिच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही परतूरला गेलो. सकाळपासून माझ्या ओटीपोटात दुखत होतं. पाहुणे जमले, आणि बसल्या बसल्या मला जाणवलं की आज हे डागाएवढं नाही. मी खुर्चीवरून उठेना. केक कापायला हाक मारली, मी म्हटलं तुम्ही कापा. फोटोला बोलावलं, मी म्हटलं पाय दुखतोय. सगळे हसत होते, बाई रुसल्या म्हणून. पाहुणे पांगेपर्यंत मी त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिले. शेवटी करुणानं हाताला धरून उठवलं, आणि खुर्चीकडे बघून तिनं हातातली ताटली खाली ठेवली. तिनं मला न्हाणीघरात नेलं, कपडे बदलले, आणि बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं. मी आतून कडी लावून रडत बसले. दुखत होतं म्हणून नव्हे, जावयाला कळलं म्हणून. बघा, तेव्हाही मला तेच सुचत होतं.

दुसऱ्या दिवशी जालना. तिथल्या बाई डॉक्टरनी आतून सोनोग्राफी केली. म्हणजे पोटावरून न करता खालच्या वाटेनं बारीक नळी घालून करतात. पिशवी जवळून दिसते. फार त्रास होत नाही, लाजच जास्त वाटते. अस्तर जाड झालेलं दिसलं. मग बायोप्सी. बायोप्सी म्हणजे आतला छोटा तुकडा काढून तो प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रिपोर्टला आठवडाभर लागतो. तो आठवडा मी घरातलं सगळं धान्य पुन्हा निवडून काढलं. हे सारखे अंगणात जाऊन उभे राहायचे. फोन वाजला की दोघंही न उचलता एकमेकांकडे बघायचो.

रिपोर्ट आला, आणि आम्ही संभाजीनगरच्या त्या लहान खोलीत बसलो. ते वर सांगितलंच.

परत येताना बदनापूरला मिलिंदरावांनी गाडी थांबवली. करुणा पोरीसाठी बिस्किटं आणायला उतरली. गाडीत आम्ही दोघंच. ते समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "आई, मी विचारलं होतं."

मी हो म्हणाले.

"न्हाई. मी करुणाला विचारायला लावलं. दुसरी कुणी पेशंट असती तर मी समोर बसवून विचारलं असतं, दोनदा विचारलं असतं, तपासल्याशिवाय सोडलं नसतं. तुम्हाला विचारायला मीपण लाजलो." मग म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, की मी तुमचा जावई आहे, तुम्ही डॉक्टर दुसरा बघा."

लग्नापासून त्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकांशी एवढं सलग कधीच बोललो नव्हतो. करुणा बिस्किटं घेऊन आली, आणि मिलिंदरावांनी गाडी सुरू केली.

ऑपरेशन झालं. पिशवी, दोन्ही अंडाशयं आणि आजूबाजूच्या लिम्फ नोड काढल्या. लिम्फ नोड म्हणजे शरीरातल्या घेवड्याच्या दाण्याएवढ्या गाठी. आजार पसरायला लागला की आधी त्यांच्यात शिरतो. काढलेलं सगळं तपासायला गेलं. त्या रिपोर्टवरून स्टेज ठरते. स्टेज म्हणजे आजार किती लांबवर गेलाय त्याची पायरी. माझा पिशवीच्या भिंतीत खोल गेला होता आणि एका गाठीतही सापडला. मी हॉस्पिटलच्या मॅडमना सरळ विचारलं, पहिल्या डागाला आले असते तर? त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, "नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण बहुतेक नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं. आता केमो लागेल आणि रेडिएशनही. उपाय आहे, घाबरू नका."

केमो म्हणजे सलाईनमधून दिलेलं औषध. आजाराच्या पेशी मारतं, पण चांगल्यांनाही सोडत नाही. केस गेले, तोंडाची चव गेली, पायाची बोटं बधिर झाली, ती अजून तशीच आहेत. रेडिएशन म्हणजे किरणांचा शेक. तो रोज घ्यायचा असतो, म्हणून आम्ही हॉस्पिटलजवळ एक खोली घेतली. सकाळी लोखंडी बाकांवर रांग. जाफराबादकडच्या टेंभुर्णीच्या एक आजी रोज माझ्या शेजारी असायच्या. त्यांना आपला आजार काय तेही नीट माहीत नव्हतं. त्या म्हणायच्या, पोरं सांगत्यात तिथं बसायचं. माझी तर आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवणारी जात, मी त्यांना सगळं समजावून द्यायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "मंग बाई, तुम्हाला येवढं कळतंय तर तुम्ही उशिरा कशा आल्या?" बोलण्यात खोच काही नव्हती, सहज विचारायच्या. एक दिवस मी बाक बदलला.

ह्यांचं सांगायचं तर, त्या खोलीत त्यांनी माझ्यासाठी भात शिजवला, माझे कपडे धुतले. आयुष्यात चहा न केलेला माणूस. एकदा पेज ढवळताना पाठमोरेच म्हणाले, "मीच म्हणलो व्हतो ना, फाट्यावर जाऊ नको म्हणून." मी म्हटलं, तुम्ही म्हणालात आणि मी ऐकलं, एवढी आज्ञाधारक मी कधी होते? ते हसले नाहीत. पेज उतू गेली.

याहून वाईट गोष्ट मला फार उशिरा कळली. परतूरला मिलिंदरावांच्या दवाखान्यात गर्दी कमी झाली होती. लोक म्हणत होते, "ज्याला घरातल्या सासूचं दिसलं न्हाई, त्याला आपलं काय दिसंल?" हे करुणाच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तिनं जीभ चावली. ज्यांची इज्जत जाऊ नये म्हणून मी दीड वर्ष तोंड शिवून बसले, त्यांचंच नाव माझ्यामुळे खराब झालं. मी म्हटलं, मी येते तिथे, बसते तुमच्या बाकावर आणि सांगते लोकांना खरं काय ते. मिलिंदराव नाही म्हणाले. पेशंटनं आपलं दुखणं डॉक्टरचं नाव वाचवायला चव्हाट्यावर आणायचं नसतं, एवढंच म्हणाले. आज मी हे लिहिते आहे तेही त्यांना वाचून दाखवून, त्यांचं नाव बदलून. त्यांची गर्दी पूर्वीसारखी अजून झालेली नाही.

उपचार संपले तेव्हा हॉस्पिटलच्या मॅडम म्हणाल्या, कॅन्सरसाठी आम्ही आहोत, पण रोजच्या तक्रारींसाठी गावातच एक कायमचा डॉक्टर धरा, ज्याला तुमचं पहिल्यापासूनचं माहीत असेल. हे घरी आल्यावर स्वतःच म्हणाले, "उद्या मॅडमकडं जाऊन ये." मी गेले. डोक्याला रुमाल, काठी. आत जाताच शाहीन मॅडमनी पडदा ओढला, पंखा लावला. त्या रागावतील, टोमणा मारतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी बीपी घेतलं, पायाची सूज दाबून बघितली, जुनी सगळी कागदं वाचली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "मला दिसत व्हतं बाई, तुम्ही वाळत चालल्या. चार वेळा वाटलं, घरी जाऊन पुसावं. पन डॉक्टरच्या सासूला मी कशी पुसू? बेअदबी झाली असती."

म्हणजे त्याही. मी जावयाची आब राखली, जावयानं सासूची, ह्यांनी गावात घराची, आणि मॅडमनी दुसऱ्या डॉक्टरची. सगळेच शहाणे आणि सगळेच अदबशीर. मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

डॉक्टर कसा निवडावा हे मला आता कुणी विचारलं तर मी हुशारी शेवटी विचारते. आधी विचारते, त्याच्यासमोर तुला परकराची नाडी सोडता येईल का? तुझी लघवी, तुझी पाळी, तुझं नवऱ्याशी बरं आहे की नाही, हे त्याला सांगता येईल का? नसेल येत तर तो देवमाणूस असला तरी तुझा डॉक्टर नाही. आणि घरात डॉक्टर असेल तर त्याच्याकडूनच दुसऱ्याचं नाव मागून घ्यावं. त्यात अपमान काही नाही. मिलिंदराव आता नात्यातल्या प्रत्येकाला हेच सांगतात.

गेल्या हिवाळ्यात विहीणबाई मला भेटायला आल्या. मिलिंदरावांच्या आई. गाड्या बदलत शहागडहून एकट्या आल्या, लेकाला न कळवता, याचंच मला नवल वाटलं. जेवण झालं, हे बाहेर गेले, आणि त्या माझ्याजवळ सरकून म्हणाल्या, "इहीणबाई, तुम्ही त्या डॉक्टरला सगळं सांगितलं, तव्हा लाज न्हाई वाटली?"

मी म्हटलं, वाटली. पण सांगून झाल्यावर गेली.

त्या बांगड्या फिरवत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझं अंग बाहेर येतंय."

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भपिशवी सैल होऊन खाली उतरणं. डॉक्टर त्याला प्रोलॅप्स म्हणतात. उभं राहवत नाही, बसवत नाही, लघवीचा त्रास, ओझं उचललं की जास्त. मी विचारलं, कधीपासून?

"मिलिंद बारावीला व्हता."

मी हिशोब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पोराचं डॉक्टरीचं सगळं शिक्षण, दवाखाना, लग्न, नात, सगळं त्या काळात आलं. त्या म्हणाल्या, आधी वाटलं परीक्षा होऊ द्यावी. मग तो डॉक्टर झाला, आणि डॉक्टरला सांगावं तर तो लेकच. गावातल्या डॉक्टरकडं जावं तर तो म्हणणार, लेक एवढा डॉक्टर असून इकडं कशा? तेच, जे मी ऐकलं होतं. फक्त त्यांनी ते माझ्याहून कितीतरी वर्षं जास्त सोसलं होतं, आणि तरी शेतात खुरपत होत्या.

मी त्यांना त्याच दुपारी शाहीन मॅडमकडे नेलं. तपासून मॅडम म्हणाल्या, कॅन्सर-बिन्सर काही नाही, पण ऑपरेशन लागेल, आणि झालं की आराम पडेल. विहीणबाईंनी माझा हात धरला. "तुम्हीच सांगा त्याला. माझ्या तोंडातून निघायचं न्हाई."

रविवारी मिलिंदराव आले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले नाही. ओसरीवर त्यांच्यासमोर खुर्ची घेतली आणि स्वतः सांगितलं. निरोप नाही, आडपडदा नाही. ऐकताना ते बोटांनी गुडघ्यावरची पँट चिमटीत धरत आणि सोडत होते. मग त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"प्रोलॅप्स," ते म्हणाले. "फायनलला मला हाच प्रश्न आला व्हता, आई. चांगले मार्क मिळाले व्हते मला."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. जावयाच्या पाठीवर हात ठेवायची ती माझी पहिली वेळ.

त्याच आठवड्यात ते आईला घेऊन जालन्याच्या बाई डॉक्टरकडे गेले, मलाही बरोबर घेतलं. नर्सनं नाव पुकारलं तेव्हा ते सवयीनं उठले, दोन पावलं आत जायला निघाले, आणि थांबले. मग मागे फिरून बाकावर बसले, इतर पेशंटची मुलं बसतात तसे. विहीणबाईंना धरून आत मी गेले.